योसेफाच्या बाकावरचा सापळा

नमस्कार श्रोतेहो. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात ‘मेरोद वेदीचित्र’ नावाचं ख्रिस्ती धार्मिक चित्र आहे. आज बेल्जियममध्ये असलेल्या तूर्ने शहरात रॉबर्ट कॅम्पिनच्या चित्रशाळेत, साधारण 1427 ते 1432 च्या दरम्यान ते रंगवलं गेलं. बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन लाकडी फळ्या, उंची जेमतेम 64 सेंटिमीटर. एवढं लहान चित्र घरच्या प्रार्थनेसाठीच करून घेतलं असावं.

मधल्या फळीवर देवदूत गब्रिएल येशूच्या जन्माची वार्ता घेऊन आलाय. येशूची आई मरीया मात्र वाचनात गढलेली, तिने अजून मानही वर केलेली नाही. बाक मोकळं असून ती खाली बसलीय, ही तिची नम्रता. मेजावरची पांढरी लिली म्हणजे तिचं पावित्र्य. इथवर सगळे जाणकार एकमताने सांगतात. आता डावीकडच्या गोल खिडकीकडे चला. तिथून आलेल्या किरणांवरून एक इवलंसं बाळ खाली उतरतंय, खांद्यावर क्रूस घेऊन! जन्माच्या वार्तेतच मरणाची खूण आहे, आणि हे बाळ चटकन नजरेत भरतही नाही.

उजव्या फळीवर मरीयेचा नवरा योसेफ सुतारकामात आहे. त्याच्या बाकावर उंदीर पकडायचा एक सापळा, दुसरा खिडकीबाहेर, रस्त्याच्या बाजूला, विकायला ठेवल्यासारखा. मरीयेला वार्ता मिळते त्या प्रसंगात योसेफ सहसा नसतोच. मग तो इथे का, आणि सापळे का? 1945 साली मायर शपिरो या कला-इतिहासकाराने ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनचं वचन पुढे आणलं: प्रभूचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा, आणि प्रभूचं मरण हे त्यातलं आमिष. मला हा अर्थ मनापासून पटतो, कारण त्याला चित्रातच आधार आहे. शेजारच्या फळीवर ते बाळ क्रूस घेऊनच येतंय.

पण योसेफाच्या हातात गिरमिट आहे आणि तो एका फळीला भोकं पाडतोय, तिचं काय? कुणी म्हणतं शेगडीचं झाकण, कुणी मासेमारीच्या आमिषाच्या डबीचं, कुणाला ती द्राक्षं पिळण्याच्या यंत्राची चाळणी वाटते. प्रत्येकाचा धार्मिक अर्थ तयारच आहे. सापळा मात्र आधी सापळा म्हणून ओळखू येतो, मग त्याचा अर्थ लागतो. या भोकं पाडलेल्या फळीच्या बाबतीत अर्थ आधी ठरतोय आणि वस्तू मागून शोधली जातेय, हे मला मान्य नाही. ती फळी मी सुताराचं अर्धवट काम म्हणूनच पाहतो.