ब्लॉक करण्याआधीची दहा मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

खाजगी फोटो पसरवण्याची धमकी, चेहरा चिकटवून केलेला बनावट व्हिडिओ, खोटी खाती उघडून केलेला पाठलाग, नाहीतर घरातल्याच माणसाने फोनवर ठेवलेली नजर. यातलं काहीही समोर आलं, की बाईचा हात आधी ब्लॉकच्या बटणाकडे जातो. साहजिक आहे. पण पहिली गडबड तिथेच होते. काही अ‍ॅप्समध्ये रिपोर्ट करून ब्लॉक केलं की चॅटच पुसलं जातं. समोरचाही सावध होतो आणि पोस्ट काढून टाकतो. तक्रार करायला जावं, तर दाखवायला हातात काही नाही.

म्हणून आधी पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये मजकुरासोबत तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर किंवा युजरनेम दिसलंच पाहिजे. वर झळकणारं नाव आणि डीपी काय, घटकेत बदलतात. पोस्टची लिंक वेगळी घ्या, प्रोफाइलची वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर गायब होणारे मेसेज चालू असतील, तर ते 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी जातात. किती वेळ हाताशी आहे ते आधी बघून घ्या. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, तेव्हा दुसऱ्या फोनने स्क्रीनचाच फोटो काढा. मात्र चित्रातली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल, तर प्रती काढू नका आणि कुणाला पाठवू नका. पुष्कळ देशांत अशी प्रत बाळगणं हाच गुन्हा आहे. मूळ फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. एकदा पैसे मिळाले की ‘इथून मिळतात’ एवढंच त्याला कळतं, आणि पुढची मागणी येते. उत्तर देणं थांबवा, मित्रयादी लपवा, खातं प्रायव्हेट करा. धमकीत वजन असतं ते त्या मित्रयादीमुळे. घाबरून खातं मात्र डिलीट करू नका. पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

आता फोटो रोखण्याचं काम. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही विनामूल्य सेवा डिसेंबर 2021 पासून आहे, 18 वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो, त्याला हॅश म्हणतात. फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि तसाच फोटो तिथे आढळला की तपासून काढला जातो. केस नंबर आणि पिन मिळतो. पिन हरवला तर परत मिळत नाही, कागदावर लिहून ठेवा. मर्यादाही माहीत असू द्या. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा जुळेलच असं नाही, म्हणून हाती असलेल्या प्रत्येक रूपाचा ठसा वेगळा करा. जी साइट यात सामील नाही तिथे, किंवा एनक्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येणाऱ्या चॅटमध्ये, याचा उपयोग नाही. फोटोतली व्यक्ती फोटोच्या वेळी 18 वर्षांखालची असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही अशीच सेवा आहे. गूगलकडे शोध-निकालातून काढण्याचा अर्ज करता येतो, बनावट चित्रांसाठीसुद्धा. मात्र मूळ साइटवरचं चित्र त्याने हलत नाही.

रिपोर्ट करताना ‘स्पॅम’ निवडू नका. ‘संमतीविना खाजगी चित्र’ हाच प्रकार शोधून निवडा. चुकीच्या खिडकीत दिलेला अर्ज चुकीच्याच टेबलावर जातो.

फोनवर नजर असल्याचा संशय असेल, तर क्रम बदलतो: आधी स्वतःची सुरक्षितता, मग बाकीचं. बॅटरी लवकर संपते म्हणजे स्पायवेअर, अर्थात गुपचूप नजर ठेवणारं अ‍ॅप, असं काही नाही. जुनी बॅटरीही तशीच संपते. बहुतेकदा कारण साधं असतं: नजर ठेवणाऱ्याला पासवर्ड ठाऊक आहे, किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये एक अनोळखी कॉम्प्युटर बसलाय. मिनिटभर उघडा फोन हाती लागला की तेवढं जमतं. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधली अ‍ॅप्स बघा. आयफोनवर आयओएस 16 पासून, कुणाला आपलं काय दिसतंय हे तपासायला ‘सेफ्टी चेक’ आहे. पण सापडलं की लगेच काढू नका. नजर बंद झाल्याचं त्याला कळतं, आणि हिंसा वाढण्याचा धोका त्याच वेळी असतो. आधी राहण्याची, निघण्याची सोय ठरवा. मदत शोधणं आणि पासवर्ड बदलणं त्याचा हात न लागलेल्या फोनवरून करा, आणि रिकव्हरीचा ईमेल व नंबरही तपासा.

कुणी मैत्रीण विश्वासाने तुमच्याकडे आली, तर ‘तू पाठवलासच कशाला’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. वही उघडा. तारीख, वेळ, अ‍ॅप, लिंक, स्क्रीनशॉटच्या फाइलचं नाव, रिपोर्ट कधी केला आणि उत्तर काय आलं, हे रकाने आखा. मेसेज तुम्ही वाचा आणि तुम्हीच लिहा, म्हणजे तिला ते पुन्हा पुन्हा बघावे लागणार नाहीत. आणि ती वही कुणाच्या घरी ठेवायची, हे तिलाच विचारा.