घाम उडाला पाहिजे

(दृश्य: ठाणे, तीन हात नाका. मे महिना, दुपारचे दोन.)

डोक्यावर उड्डाणपूल आहे, पण त्याची सावली पडायची तिथेच पडणार. वाहतूक पोलिसाचा पॉइंट, म्हणजे उभं राहायची जागा, लागलाय तो उन्हात. पांढरा शर्ट, खाकी पँट, वर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, कमरेला पट्टा, पायात बूट, हातात ई-चलानचं मशीन. पारा सदतीस-अडतीसच्या घरात. ‘विदर्भात चव्वेचाळीस असतं, इथं काय त्याचं!’ असं कुणी म्हणालं, की समजावं, गडी भर मे महिन्यात ठाण्याच्या नाक्यावर उभा राहिलेला नाही.

हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनारपट्टीवर ३७ पासूनच. आणि १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण सोहळ्यात, उष्माघातानं १४ जण गेले. गर्दी उन्हात बसून होती. बंदोबस्त उभा होता.

खाडीकाठी खरी अडचण घामाची. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला, तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता टपकला, तर काहीच नेत नाही. दमट हवेत तो उडत नाही, टपकतो.

(दृश्य: दोरीवर वाळत घातलेली वर्दी.)

खाकी आली वायव्य सरहद्दीवरून. १८४६ साली हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पेशावरला गाइड्स पलटण उभी केली, तिच्या अंगावर हा मातकट रंग चढला. तिथली हवा कोरडी. आपल्या वाट्याला रंग तिथला आला आणि हवा खाडीची.

पूर्वी हवालदार हाफ पँटीत असायचा. सिनेमांनी त्याची भरपूर थट्टा केली. पण उकाड्याच्या दृष्टीनं ती हाफ पँट शहाणीच होती, असं आम्हाला वाटतं.

आता कापडाचं बघा. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. टेरीकॉटची, म्हणजे सूत-पॉलिस्टरच्या मिश्र कापडाची, इस्त्री मोडत नाही, म्हणून ते परेडला शोभतं. नाक्यावर मात्र पाठीला चिकटतं. सुती वर्दीला खळ देऊन कडक इस्त्री केली, की विणीतली भोकं बुजतात आणि सुताचा फायदा तिथेच संपतो. त्यात शर्ट खोचलेला, वर पट्टा आवळलेला. कपडा सैल असला तर चालता-बोलता आत हवा खेळते. पट्टा ती वाट बंद करतो. राहतो काय, तर सुती बनियन. पिशवीत दुसरा कोरडा ठेवला आणि मध्येच बदलला, तर घामोळं आणि काचणं बरंच कमी होतं.

(दृश्य: वाशी, टोलनाक्याजवळची नाकाबंदी. महिला अंमलदार.)

‘पाणी प्या’ हा सल्ला सगळ्यांना दिला जातो. महिला अंमलदारापुढे त्याच्या आधीचा प्रश्न असतो: जायचं कुठे? जवळ स्वच्छतागृह नसलं, की सकाळपासून पाणी मोजून प्यायलं जातं. मग घाम यायला अंगात पाणीच उरत नाही. कापड कितीही चांगलं शिवा, बंदोबस्ताच्या आराखड्यात फिरतं स्वच्छतागृह नसेल तर उपयोग शून्य. वर्दीवरच्या चर्चेत हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. आमच्या मते तो पहिला हवा.

एक गोष्ट मात्र प्रत्येक पॉइंटवर ठाऊक असावी. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. सावलीत आडवं करायचं, पाणी मारायचं, वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. इथेच सहकारी बिचकतात. भर रस्त्यात साहेबांचा पट्टा सोडायचा कसा, शर्ट काढायचा कसा? बिनधास्त काढा. एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं तोवर बक्कल सोडायचं.