गुळव्या मिळंना म्हणजे नेमकं काय मिळंना?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आलाय. "कोल्हापूरची गुऱ्हाळं बंद का पडतायत? माणसं मिळत नसतील तर मशीन लावा की!" यातला मुख्य माणूस म्हणजे गुळव्या, पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा गुऱ्हाळावरचा कारागीर.

ऊस घाण्यात, रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत), खाली चिपाडाचा जाळ, भेंडीचं पाणी घातलं की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती काढायची. हे तुम्ही पाहिलंय, पुढं जाऊ.

अडतं ते काहील उतरवताना. पाक साधारण 118 अंशांवर आला की उतरवायचा. लगेच कमेंट येते, "थर्मामीटर लावा." अहो, लावलाय! पण तोडणीची टोळी आली नाही, तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला, की त्यातली साखर मोडते. मग 118 दिसलं तरी गूळ घट्ट बसत नाही, चिकटच राहतो.

आमचे गुळव्या मामा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांत गोळी वळतात आणि भांड्याच्या कडेवर मारतात. टण् वाजली की "उतरवा!" कुठला ऊस, किती शिळा, जाळ कसा, सगळं त्या गोळीत कळतं त्यांना. जरा उशीर झाला तर गूळ काळवंडतो. जरा घाई झाली तर पावसाळ्यात पाणी सोडतो.

मामा पुतणीच्या लग्नाला गेले होते तेव्हा एक आधण, म्हणजे एका काहिलीचा पाक, मी उतरवलं. आकडा बरोबर होता. जुलैत गुळाचे रवे (ढेपा) उघडले तर कापड ओलं, खालनं काकवी गळतेय.

आणि "हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत" असं कृपा करून लिहू नका. पहाटे तीनला उठून जाळापुढं उभं राहायचं, तेही हंगामापुरतं. उरलेले महिने घरात काय शिजवायचं? तोच पोरगा गोकुळ शिरगावला कारखान्यात गेला तर बारा महिने पगार, वर पीएफ. माझा भाऊ असता तर मीही त्याला तिकडंच जा म्हटलं असतं. 2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण हंगाम संपल्यावर गुळव्याच्या हातात काय, हे कुणी विचारत नाही. मामांची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत.

कागलच्या एका पोरानं विचारलंय, "दादा, शिकायला येऊ का?" ये बाबा. दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की ये. सुरुवातीला नुसता जाळ सांभाळायचा, मग मळी, गोळी सगळ्यात शेवटी. मजुरी पहिल्या दिवसापासून मिळंल.