वर्गाचा दाखला कोर्टात किती चालतो?

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय छापलाय: ‘डीयूआयच्या वर्गाचा केसवर होणारा परिणाम’. डीयूआय म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा. तिथे मी पोचणार आहे. पण आधी ‘वर्ग’ या शब्दाचा बंदोबस्त करू द्या, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. क्लास म्हटला की आपल्या माणसाला दहावीपासूनची सवय आठवते. फी भरायची, मागच्या बाकावर बसायचं आणि सर्टिफिकेट घेऊन घरी यायचं.

त्यामुळे शनिवारी रात्री दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला माणूस रविवारी दुपारी संगणकासमोर बसलेला असतो. ‘आठ तासांत पूर्ण, प्रमाणपत्र ताबडतोब’. कार्डावरून पैसे जातात, रंगीत प्रिंट निघते, वर सोनेरी शिक्कासुद्धा असतो. सोमवारी ती वकिलाच्या टेबलावर येते. चेहऱ्यावर भाव असा, की आता केस मिटलीच!

कॅलिफोर्नियात त्या कागदाला किंमत शून्य. राज्याच्या आरोग्यसेवा खात्याचा परवाना असलेल्या केंद्रातलाच वर्ग इथे धरतात. तो पूर्ण झाल्याची नोंद, म्हणजे डीएल-101, केंद्र परस्पर डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याला, पाठवतं. तुमच्या हातातल्या प्रिंटची तिथे कुणी वाट बघत नसतं.

आणि वर्ग किती लांबीचा, हे तुमच्या सवडीवर ठरत नाही. पहिला गुन्हा असेल तर साधारणपणे तीन महिने, 30 तास. रक्तातलं अल्कोहोल 0.20 टक्के किंवा त्याहून जास्त निघालं, किंवा तपासणीलाच नकार दिला, तर नऊ महिने, 60 तास. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर अठरा महिने: 52 तास गटचर्चा, 12 तास शिक्षण, पहिलं वर्षभर दर पंधरवड्याला समुपदेशकाची समोरासमोर भेट आणि शेवटचे सहा महिने देखरेख. सुट्टी टाकून एका आठवड्यात उरकून टाकू म्हणाल, तर तशी सोयच नाही. महिन्यांवर पसरलेला असणं हाच त्या वर्गाचा मुद्दा आहे.

इथे हमखास कुणाचा तरी ओहायोतला आतेभाऊ मध्ये येतो. ‘तो तर तीन दिवसांत सुटला!’ बरोबर आहे. ओहायोत पहिल्या गुन्ह्याला तीन दिवसांच्या तुरुंगवासाऐवजी 72 तासांचा कार्यक्रम मिळू शकतो. टेक्सासात 12 तास, जॉर्जियात 20, न्यूयॉर्कात सात आठवड्यांत मिळून 16. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा आतेभावाला दिवाळीला फोन करा, कायद्यासाठी नको.

आता वर्गात शिकवतात काय? पहिल्या काही तासांत शिकवतात मोजायला. हसू नका, अर्ध्या केसेस मोजता न आल्याच्या असतात. ‘दोनच पेग घेतले होते’ हे वाक्य सगळ्यांचं सारखं. अमेरिकेतलं प्रमाण ‘ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: 40 टक्क्यांची व्हिस्की 44 मिलिलिटर, 12 टक्क्यांची वाइन 148, पाच टक्क्यांची बिअर 355. म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीत सतरा ड्रिंक्स. पण घरच्या पार्टीत यजमान मायेने ओततो, 44 मोजून ओतत नाही. त्याचे ‘दोन’ हिशेबाने चार-पाच होतात.

दुसरा धडा सकाळचा. शरीर तासाला रक्तातलं साधारण 0.015 टक्के इतकंच अल्कोहोल संपवतं. माणसागणिक थोडा फरक पडतो, पण कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. मध्यरात्री 0.20 असेल तर सकाळी सात वाजता उरतं 0.095. कायद्याची मर्यादा 0.08. चांगली झोप झालेला, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस ऑफिसला जाताना पकडला जातो आणि मनापासून म्हणतो, ‘मी काल प्यायलो होतो!’ भारतात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, इथल्या हिशेबात 0.03. म्हणजे तिथल्या मापाने बघितलं तर...

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली म्हणतात. ठीक आहे, मूळ विषय पळत पळत घेऊ.

एक. वर्ग केल्याने गुन्हा पुसला जात नाही. वर्ग करा आणि केस सोडून देतो, अशी सवलत कॅलिफोर्नियाचा कायदा डीयूआयला देत नाही, सैनिकांसाठीचा अपवाद सोडून. तुम्ही दोषी की नाही, हे पोलिसांनी गाडी थांबवण्याचं कारण, श्वास तपासणाऱ्या यंत्राची तपासणी, रक्ताचा नमुना यांवर ठरतं. तिथे तुमच्या हजेरीपटाला कोण विचारतो?

दोन. कोर्ट आणि डीएमव्ही या दोन वेगळ्या गाड्या आहेत. अटकेनंतर दहा दिवसांत डीएमव्हीकडे सुनावणी मागितली नाही, तर लायसन्सच्या निलंबनाविरुद्ध बोलायची संधी जाते. वर्गात नाव घातल्याने ती तारीख पुढे सरकत नाही. वर्ग कामाला येतो तो नंतर. नावनोंदणीचा दाखला, विमा असल्याचा एसआर-22 हा पुरावा आणि शुल्क दिलं की नोकरीवर आणि वर्गाला जाण्यापुरतं लायसन्स मिळू शकतं. पूर्ण लायसन्ससाठी पूर्ण वर्ग.

तीन, सगळ्यांना हवा असलेला प्रश्न: निकालाआधीच वर्ग सुरू करावा का? बहुतेक वेळा फायदा होतो, पण वकिलाला विचारून. सरकारी वकिलाशी तडजोड चालू असताना आणि न्यायाधीश शिक्षा ठरवताना, सुरू झालेला वर्ग आश्वासनापेक्षा जास्त बोलतो. मात्र तीन महिन्यांचा घेतलात आणि निकालात नऊ महिन्यांचा आला तर पंचाईत. उलट, तडजोडीत ‘वेट रेकलेस’ (दारूची नोंद असलेलं बेदरकार ड्रायव्हिंग) हा हलका गुन्हा मिळाला तर बारा तासांतही भागू शकतं. तोही पुढची दहा वर्षं ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो, हे विसरू नका.

चार. केस बिघडते ती वर्ग न केल्याने कमी आणि अर्धवट सोडल्याने जास्त. परवानगी न घेता तीन आठवडे गायब राहिलात, पिऊन आलात, की केंद्र काढून टाकतं आणि कोर्टाला कळवतं. मग तो प्रोबेशनचा, म्हणजे कोर्टाने अटींवर दिलेल्या मोकळिकीचा, भंग. गावी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी केंद्राकडे लेखी रजा मागा.

न्यायाधीश याच्या मागे का लागतात? 1995 साली 215 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. अशा कार्यक्रमांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी सात ते नऊ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जादू नाही, पण...

हो, हो, उठतोच. व्हिसाचं तेवढं सांगतो, इथे निम्मे लोक एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. नुसत्या अटकेवरून, निकाल लागायच्या आधीच, परराष्ट्र खातं पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं. 2015 पासून तसं होतं आहे. तेवढ्यावरून इथला मुक्काम आपोआप संपत नाही, पण बाहेर पडलात की नवा व्हिसा लागतो, आणि अमेरिकी दूतावास नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. केंद्राचा पूर्णत्वाचा दाखला आणि कोर्टाची कागदपत्रं तिथे बरोबर ठेवा. मूळ प्रती ठेवा, मोबाइलमधले फोटो नकोत.