दाण्याआधी पाकीट बघा

पत्रिकेवर आजच्या भाषणाचा विषय छापलाय, 'कुत्र्यानं सुकामेवा खाल्ला तर काय करावं'. भांडण मला त्या 'सुकामेवा' शब्दाशीच आहे. त्यात आपण बदाम-काजूंबरोबर मनुकाही ओततो, आणि त्या वाटीतली सगळ्यात घातक वस्तू मनुकाच. मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवशाचा आकडा नाही, म्हणून 'चारच तर खाल्ले' हा हिशेब इथे चालत नाही. 'कोणता दाणा?' एवढं विचारून भागत नाही. दाण्याबरोबर काय होतं, ते विचारा.

आता मिठाचं पाणी. (कोणीतरी हसलं, म्हणजे हा उपाय माहितीतला आहे!) कुत्र्याला उलटी व्हावी म्हणून मीठ पाजतात. मोठा चमचाभर मीठ म्हणजे साधारण १८ ग्रॅम. कुत्रा ५ किलोचा असेल तर किलोमागे साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं. किलोमागे २ ग्रॅमच्या आसपास विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, ४ ग्रॅमला जीव जाऊ शकतो. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि कुत्र्याला झटके येतात. बदामांनी जे केलं नसतं, ते आपल्या चमच्यानं केलं. घशात बोटं घालणं तर नकोच. दाणा आणखी खाली जातो, वर चावा मिळतो तो वेगळा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता धावतच घेतो.

उरलेले दाणे उचला. पाकीट जपून ठेवा. कुत्र्याचं वजन, किती खाल्लं आणि किती वाजता, एवढं हाताशी घेऊन डॉक्टरांना फोन करा. उलटी करवायची तर ती डॉक्टरच इंजेक्शन देऊन करवतात, खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत. कुत्रा थरथरत किंवा गुंगीत असेल तर मुळीच नाही, कारण उलटी फुफ्फुसात जाते.

मनुका, चॉकलेटचा लेप, बुरशी आलेले अक्रोड किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर लक्षणांची वाट बघू नका. झायलिटॉल लेबलवर 'बर्च शुगर' किंवा 'ई ९६७' या नावानंही असतं, आणि काही पीनट बटरमध्येही. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. बुरशीच्या विषानं अंग थरथरतं, झटके येतात.

मॅकाडेमिया या परदेशी दाण्यानं बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडतात, ताप येतो, उलट्या होतात. किलोमागे २.४ ग्रॅमला हे दिसलंय, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दहाएक दाणे पुरे. बहुतेक कुत्री दोन दिवसांत उभी राहतात, पण फोन हवाच.

साधे, बिनमिठाचे दोन-चार बदाम किंवा काजू असतील तर पाणी ठेवा, त्या दिवशी तूप-तेलाचं काही देऊ नका. मूठभर खाल्ले असतील तर तीन दिवस लक्ष हवं. चरबीनं स्वादुपिंडाला आलेली सूज उशिरा कळते: वारंवार उलट्या, वाकलेली पाठ, अन्नाला तोंड न लावणं. लहान जातीच्या कुत्र्यानं अख्खा बदाम गिळला आणि पाणीही पोटात टिकत नसेल, तर आतडं अडलंय का ते पाहायला एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते. एक्स-रेत दाणा दिसेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना 'बदाम' हा शब्द आपणहून सांगा.