एक मीटरची काठी आणि विषुववृत्ताची लांबी

राम राम मंडळी! जळगावात मेहरूण तलावाच्या काठावर उभा आहे. हातात बरोबर एक मीटरची काठी. हिची सावली आज दिसतेय, पण 25 मेच्या आसपास ओळंबा लावून ही उभी केली, तर दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सावली पार गायब होते. सूर्य थेट डोक्यावर!

सोलापूर आपल्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला. त्याच दुपारी तिथे अशीच काठी रोवली, तर साधारण 5.8 सेंटिमीटर सावली उरते. आणि ती दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य तेव्हा सोलापूरच्या उत्तरेला, आपल्या माथ्यावर असतो. या सावलीवरून काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन निघतो साधारण 3.33 अंश, आणि पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांत तेवढ्याच अंशांचं अंतर. आता पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं, म्हणजे असे 108 तुकडे. जळगाव ते सोलापूर सरळ रेषेत सुमारे 370 किलोमीटर. गुणा बघू. पृथ्वीचा घेर 39,960 किलोमीटर! इजिप्तमध्ये इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हीच युक्ती केली होती. त्याचा कोन होता 7.2 अंश, वर्तुळाचा पन्नासावा भाग.

पण हा घेर दोन्ही ध्रुवांवरून जाणारा. विषुववृत्त तर पूर्व-पश्चिम आहे, आणि त्याचा बहुतेक भाग समुद्रावर. तिथे साखळी धरून कोण चालणार?

(मोसंबी दाखवत) हे बघा. पृथ्वी अशी, वरून-खालून किंचित दबलेली. जिथे ती चपटी, तिथे उत्तर-दक्षिण एक अंश पुढे जायला जास्त चालावं लागतं. म्हणून 1735-36 मध्ये फ्रेंचांनी एक तुकडी विषुववृत्ताजवळ, आजच्या इक्वेडोरकडे पाठवली आणि दुसरी उत्तरेला लॅपलँडला. विषुववृत्तापाशी अंशाला सुमारे 110.6 किलोमीटर, ध्रुवापाशी 111.7. एवढ्याशा फरकातून पृथ्वीचा आकार कळतो, आणि आकार कळला की विषुववृत्ताची लांबी गणिताने काढता येते.

आपल्या देशात हे काम विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासला सुरू केलं. पहिली पायारेषा, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली त्रिकोणाची पहिली बाजू, जेमतेम 12 किलोमीटरची, पण पोलादी साखळीने मोजायला 57 दिवस लागले. पुढे फक्त कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. काम सुरू असतानाच 1823 मध्ये तो गेला, आपल्या शेजारी विदर्भात, हिंगणघाटला. तिथे त्याची कबर आहे.

आज उपग्रहांमुळे विषुववृत्तावरची त्रिज्या 6,378.137 किलोमीटर धरतात. 2π ने (π म्हणजे सुमारे 3.14) गुणलं की विषुववृत्त 40,075 किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा घेर 40,008. फरक 67 किलोमीटरचा.

येत्या 25 मेला मी इथेच असेन, काठी घेऊन. सोलापूरकरांनो, तुमच्यापैकी कुणीतरी गच्चीवर काठी उभी करा, सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सगळ्यात आखूड सावली किती भरली, तेवढं मला कळवा.