वीसचे दहा नव्हे, पाच

नमस्कार श्रोतेहो. माझी सगळी नोकरी ट्रान्समीटरच्या शिफ्टमध्ये गेली. त्यातली एक रात्र सांगतो.

मे महिना होता. नागपुरात तेव्हा रात्री नऊलाही भिंती शेकत असतात. आमच्याकडे दहा-दहा किलोवॅटचे दोन ट्रान्समीटर जोडीनं चालत, अँटेनाला वीस मिळत. त्या रात्री एकाचा ब्लोअर, म्हणजे गार ठेवणारा पंखा, बसला आणि तो ट्रिप होऊन बंद पडला. सोबतचा नवा मुलगा म्हणाला, "काही नाही सर, वीसचे दहा झाले." म्हटलं, जरा मीटर तर पाहा. अँटेनाकडे जात होते पाच. उरलेले पाच डमी लोड, म्हणजे नको असलेली पॉवर उष्णता करून जिरवणारा रोधक, तापवत होते, आणि त्या खोलीत आधीच भट्टी!

पोरगा चक्रावला. दोष त्याचा नव्हता. लहरी एकत्र येतात तेव्हा बेरीज व्होल्टेजची होते, पॉवरची नाही. आणि पॉवर चालते व्होल्टेजच्या वर्गावर. व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर पाव. आमचा कम्बायनर, म्हणजे दोन्ही ट्रान्समीटर एकत्र जोडणारा भाग, प्रत्येक ट्रान्समीटरची निम्मी पॉवर अँटेनाकडे आणि निम्मी डमी लोडकडे धाडतो. दोघंही एकाच एक्सायटरवर, म्हणजे मूळ लहर पुरवणाऱ्या यंत्रावर, एका तालात असले की अँटेनाच्या बाजूला लहरी जुळतात, डमी लोडच्या बाजूला एकमेकींना पुसून टाकतात. फेजमध्ये, म्हणजे या तालात, ६० अंशांची चूक झाली, तर वीसपैकी पंधराच बाहेर जातात. १८० अंश झाले, तर अँटेना कोरडी आणि वीसच्या वीस डमी लोडमध्ये! एक गडी गेल्यावर मात्र पुसायला कोणी उरत नाही.

पुढं चहा पिताना त्यानं खरा प्रश्न काढला. दोन अँटेना शेजारी उभ्या केल्या, दोन्हींत करंट तेवढाच ठेवला, तर समोर पॉवर चौपट भरते. एक आणि एक चार? हे फुकटचे दोन कुठून आले?

अँटेना एकमेकींपासून लांब असतील तर हिशेब सोपा: कुठं चार, कुठं शून्य, सरासरी दोन. अगदी जवळ असतील तर झोका आठवा. एकजण ढकलतोय. दुसराही त्याच लयीत, तेवढ्याच जोरानं ढकलू लागला की झोक्याचा वेग दुप्पट होतो. पळत्या झोक्यावर तोच जोर टिकवायला प्रत्येकाला दुप्पट ताकद लागते. दोघांची मिळून चौपट. अँटेनाचंही तसंच, तो जादाचा भार दोन्ही ट्रान्समीटर उचलतात. त्यांची ऐपत नसेल तर करंट उतरतो आणि बेरीज मुकाट्यानं दोनावर येते.

तो हसला आणि चहाचा कप ठेवून उठला. आम्ही कम्बायनरला बगल देऊन चालू ट्रान्समीटर थेट अँटेनाला जोडला. मीटरचा काटा दहावर आला. बंद पडलेल्याचा ब्लोअर मग सकाळच्या शिफ्टनं बदलला.